काचेच्या जुन्या वस्तूंचे वय कसे ओळखावे



आपल्याकडे एखाद्या जुन्या वस्तूचे वय विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते : "शंभर वर्षे तरी झाली असतील, पणजोबांच्या वेळची आहे." हे उत्तर खोटेच असते असे नाही, पण ते मोजून दिलेले नसते. तांब्यापितळेच्या भांड्यावर निदान नाव घातलेले असते, क्वचित सालही सापडते. काचेवर नाव घालण्याची आपली रीत नाही. त्यामुळे घरातील काच ही घरातील सर्वांत मुकी वस्तू होय. ती फुटली म्हणजे तिची हकीकतही तिच्याबरोबर जाते, आणि भंगारात गेली तर किलोच्या भावाने जाते.

हा विषय मुक्ताईनगरात बोलण्याचे एक कारण आहे. १९८२ साली तापीवर हतनूरचे धरण पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्यामुळे या परिसरातील कित्येक घरांना जागा बदलावी लागली. जी घरे राहिली त्यांतील धाब्याची घरेही आता पाडली जात आहेत व तेथे सिमेंटचे मजले उभे राहत आहेत. घर पाडताना माळ्यावरून कंदील निघतो, कोनाड्यातून गोटीची बाटली निघते, दिवाणखान्याच्या तुळईला टांगलेली हंडी निघते. त्या वेळी घरधन्यापुढे दोन धोके असतात. एक, खरोखर जुनी वस्तू कवडीमोलाने देऊन टाकण्याचा. दुसरा, कालपरवाची वस्तू पेशवाईतील समजून मुलाबाळांना चुकीची हकीकत सांगण्याचा. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. डोळे, बोटे, एक साधे भिंग आणि थोडा सावधपणा एवढे पुरते.

प्रथम पद्धतीचा मुद्दा सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. शेताच्या खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो. वस्तूच्या वयालाही तशा दोन हद्दी असतात. पलीकडची हद्द म्हणजे वस्तू याहून जुनी असूच शकत नाही ते साल. अलीकडची हद्द म्हणजे वस्तू याहून नवी असण्याचा संभव नाही ते साल. पलीकडची हद्द नेहमी वस्तूवरील सर्वांत नव्या खुणेवरून ठरते. दहा खुणा जुन्या असल्या आणि एक नवी असली, तर ती एक नवी खूणच खरी साक्ष देते. हा नियम ध्यानात ठेवला तर निम्म्या चुका होतच नाहीत.

आता काच कशी होते ते थोडक्यात पाहू. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळविला म्हणजे साधी काच होते. वाळूत लोहाचा अंश असतो, त्यामुळे काचेला हिरवट झाक येते. ती घालविण्यासाठी मँगॅनीज घालतात. अशा काचेवर वर्षानुवर्षे ऊन पडले की तिला फिकट जांभळा रंग चढतो. हे खरे असले तरी जांभळी झाक दिसली की वस्तू पुरातन, असे समजू नये. हल्ली कृत्रिम किरणांखाली ठेवूनही काच जांभळी करतात. तसेच काचेतील बुडबुड्यांचे. बुडबुडे हे काच नीट न निवळल्याचे लक्षण आहे, वयाचे नव्हे. शोभेसाठी मुद्दाम बुडबुडे ठेवलेली नवी काच बाजारात भरपूर मिळते. जुन्या खिडकीचे तावदान खाली जाड असते, कारण काच हळूहळू ओघळते, ही समजूतही टाकून द्यावी. पूर्वीच्या पद्धतीने केलेली तावदाने मुळातच कमीजास्त जाडीची होत.

यानंतर वस्तू हातात घेऊन उलटी करावी. काचेचे वय पाहणाऱ्याने तोंडाआधी बूड पाहावे. फुंकनळीने काच फुगविल्यावर तिचे तोंड घडविण्यासाठी कारागीर बुडाला एक लोखंडी सळई चिकटवीत असे. काम झाल्यावर सळई तोडली की तेथे खरखरीत व्रण राही. चांगल्या मालावर तो घासून गुळगुळीत केलेला, उथळ वाटीसारखा दिसतो. युरोपात १८६० च्या सुमारास बाटल्यांच्या कामात सळईऐवजी चिमट्यासारखी पकड वापरात आली आणि हा व्रण हळूहळू नाहीसा झाला.

मग अंगावरील शीर पाहावी. साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना साच्याच्या सांध्याची बारीक रेघ उमटते. ती गळ्यापर्यंत येऊन ओठाखाली थांबली असेल, तर ओठ हाताने घडविला आहे. ती सरळ ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्राची आहे. पूर्णपणे आपोआप चालणारे बाटलीचे यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स याने १९०३ साली सिद्ध केले. म्हणून यंत्राच्या बाटलीची पलीकडची हद्द विसाव्या शतकाच्या आरंभी येते. मात्र शीर मुळीच दिसत नाही म्हणून बाटली साच्यावाचून फुंकली असे ठरत नाही. साच्यात फिरविलेल्या बाटलीवरची शीर पुसली जाते.

येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. विलायती पुस्तकांत हाताचे काम म्हणजे जुने आणि यंत्राचे काम म्हणजे नवे, अशी सरळ विभागणी असते. आपल्या देशात ती लागू पडत नाही. उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेस आजही फुंकनळीने काम करणारे कारागीर आहेत. ज्या व्रणावरून लंडनची बाटली दीडशे वर्षांची ठरते, तोच व्रण आपल्याकडे दहा वर्षांपूर्वीच्या फुलदाणीवर असू शकतो. हाताच्या कामाची खूण आपल्याला पद्धत सांगते. साल सांगत नाही.

गोटीच्या सोडावॉटरच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. ही बाटली खानदेशच्या उन्हाळ्यात आपण सर्वांनी हाताळली आहे. गळ्यात गोटी, ओठाच्या आत रबराची चकती, आणि ओतताना गोटी अडून राहावी म्हणून गळ्याला पाडलेले दोन खळगे. आतील वायूच्या दाबाने गोटी वर चकतीवर घट्ट बसते. ही युक्ती हायरम कॉड या इंग्रजाची. तिचे प्रसिद्ध पेटंट १८७२ चे आहे. म्हणजे गोटीची कोणतीही बाटली १८५७ च्या धामधुमीतील असू शकत नाही, कोणी कितीही शपथेवर सांगो. ही झाली पलीकडची हद्द. अलीकडची हद्द मात्र या बाटलीला नाहीच, कारण उत्तर प्रदेशात ती अजून तयार होते. म्हणून आकारावर न थांबता अक्षरांकडे वळावे. इंग्लंडमधून आलेल्या जुन्या बाटल्यांवर कारखानदाराचे नाव व गाव उठावात असते. यॉर्कशायरमधील बार्न्सले हे त्याचे एक मोठे केंद्र होते. पुढे आपल्याकडील सोडा कारखानदारही बाटलीवर आपले व गावाचे नाव घालू लागले, कारण बाटली परत यावी लागे. गोट्यांसाठी मुलांनी किती बाटल्या फोडल्या असतील याची गणती नाही. म्हणून गावचे नाव असलेली साबूत बाटली मिळाली तर ती जपावी. गावात सोड्याचा कारखाना कोणाचा होता, याचा तो काचेवरील लेख आहे.

अक्षरांची ही साक्ष आपल्या भागात फार उपयोगी पडते. खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. महाराष्ट्र राज्य झाले त्या १९६० सालापासून पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. तेव्हा बाटलीवर वा औषधाच्या शिशीवर 'पूर्व खानदेश' असे असेल, तर दोन्ही हद्दी एकदम मिळतात : १९०६ नंतरची आणि १९६० च्या आसपासची किंवा त्याआधीची. आसपास म्हणण्याचे कारण असे की सरकारने नाव बदलले म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी साचा मोडीत नाही; काही वर्षांची सवलत ठेवावी. पत्त्यात सहा आकड्यांचा पिनकोड असेल तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. माप औंसात असेल तर ती बहुधा दशमान पद्धत रुळण्यापूर्वीची. वजनमापांचा नवा कायदा १९५६ चा आहे व तो टप्प्याटप्प्याने अमलात आला.

भुसावळ आपल्या शेजारी. तेथे १८६० नंतरच्या दशकात आगगाडी आली आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची घरे तालुक्यातालुक्यांत झाली. अशा घरांत रेल्वेचे हातदिवे सापडतात. त्यांवर जी.आय.पी. ही अक्षरे असतील, तर दिवा ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वीचा समजावा, कारण त्या दिवशी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. परंतु ही साक्ष पत्र्याची आहे, काचेची नव्हे! दिव्याची काच फुटते व बदलली जाते. सांगाडा आजोबांचा आणि काच गेल्या वर्षीची, असे नित्य घडते. दिवा, झुंबर, अत्तरदाणी अशा जोडकामाच्या वस्तूत प्रत्येक भागाचे वय वेगळे काढावे.

परदेशी मालावर देशाचे नाव असते व त्यावरूनही काळ कळतो. बोहेमिया हा काचेसाठी जगप्रसिद्ध प्रांत १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. त्या वर्षी चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र जन्मास आले आणि १९९२ अखेर ते दुभंगले. म्हणून त्या राष्ट्राचे नाव असलेला पेला १९१८ च्या आधीचा नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा माल बंद पडला, तेव्हा हिंदुस्थानच्या बाजारात जपानी काच व बांगड्या मोठ्या प्रमाणात शिरल्या. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर काळ आणखी आखूड होतो, कारण दुसऱ्या महायुद्धात हरलेला जपान १९५२ पर्यंतच परक्या ताब्यात होता. इंग्रजी मालावर कधी पत्त्यांतील चौकटच्या आकाराची लहान खूण असते. ती नमुन्याच्या नोंदणीची असून १८४२ ते १८८३ या काळात चालू होती. १८८४ पासून तिच्या जागी नोंदणीचा आकडा आला, आणि १९०० पर्यंत तो साडेतीन लाखांवर गेला होता. पण हे साल नमुना नोंदविल्याचे असते. तो नमुना लोकांना आवडला तर कारखाना त्याच आकड्याने पुढे वर्षानुवर्षे माल काढी. म्हणजे पुन्हा पलीकडचीच हद्द.

आता आपल्या महाराष्ट्राच्या काचेकडे येऊ. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा पैसा जमवून उद्योग उभारण्याची कल्पना काढली व लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी आरंभी त्याची धुरा वाहिली. तेथे नुसता माल निघाला नाही, माणसे शिकून निघाली व त्यांनी अन्यत्र कारखाने काढले. पुढे १९१६ मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला. त्या वस्तीलाच ओगलेवाडी नाव पडले. वडिलांच्या नावावरून ठेवलेला त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातील खेडोपाडी पोचला. आज तो कारखाना चालू नाही. त्याआधी आपल्या घरांत अमेरिकेचे डीट्झ व जर्मनीचे फॉयरहँड असे कंदील येत. तेव्हा माळ्यावरच्या कंदिलावर 'प्रभाकर' नाव दिसले तर तो १९१६ पूर्वीचा नाही, हे निश्चित. तो विलायती नाही म्हणून हिरमुसण्याचेही कारण नाही. परदेशी कंदील जगात पुष्कळ आहेत. हा कंदील आपल्या माणसांनी स्वदेशीच्या जिद्दीने केलेला आहे. वय आणि मोल या दोन गोष्टी नेहमीच एका दराने चालत नाहीत.

रॉकेल हेही एक घड्याळच आहे. खनिज तेलाच्या विहिरींचा धंदा अमेरिकेत १८५९ पासून वाढला आणि नंतर ते तेल आपल्याकडे आले. म्हणून वात वरखाली करण्याची चकती व वर काचेची चिमणी असा रॉकेलचा दिवा मराठेशाहीतील असणे शक्य नाही. पाण्यावर तेल घालून वात तरंगविण्याच्या हंड्या मात्र त्याहून जुन्या पद्धतीच्या. वाड्यांतील हंड्या-झुंबरे बहुतेक बोहेमिया, बेल्जियम व इंग्लंड येथून येत. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात काचेचे प्रचंड कारंजे उभारणारी बर्मिंगहॅमची ऑस्लर ही पेढी कलकत्त्यात दुकान ठेवून होती व संस्थानिकांना झुंबरे पुरवीत असे.

अशा उंची काचेत शिसे असते. ती हाताला जड लागते व नखाने टिचकी मारली असता नाद लांबत जातो. पण नाद आकारावरही अवलंबून असतो, हे विसरू नये. शिशाच्या भांड्यात लोणचे किंवा लिंबाचे सरबत साठवू नये, शिसे उतरते. कापलेल्या नक्षीवरून बोट फिरवावे : चाकावर कापलेली कड टोकदार लागते, साच्यात दाबून काढलेली कड बोथट लागते. दाबाची काच अमेरिकेत १८२० नंतरच्या दशकात निघाली व कापीव काचेची स्वस्त नक्कल म्हणून जगभर पसरली.

पिवळट-हिरव्या काचेची एक गंमत आहे. नोटा तपासण्याची जांभळ्या प्रकाशाची लहान बॅटरी अंधारात तिच्यावर धरली, तर काही वस्तू लख्ख हिरव्या उजळतात. ती युरेनियम घातलेली काच. बोहेमियात योजेफ रीडेल याने १८३० नंतर ती लोकप्रिय केली. मँगॅनीजची काचही मंद उजळते, तेव्हा फसू नये. आणि युरेनियमची काच आजही होते, म्हणून नुसते उजळणे हा जुनेपणाचा दाखला नव्हे.

नकली जुनेपणा कसा ओळखावा? बूड पाहावे. पन्नास वर्षे फडताळात सरकविलेल्या भांड्याच्या बुडाला, जेथे ते टेकते तेवढ्याच कडेला, बारीक ओरखडे सर्व दिशांनी पडलेले असतात. कानसेने किंवा पॉलिशकागदाने केलेले ओरखडे एकाच दिशेने जातात व जेथे भांडे टेकतच नाही तेथेही दिसतात. बाटली धुरकट असेल तर आत थोडा शिरका घालून रात्रभर ठेवावा. आपल्या विहिरींच्या जड पाण्याचा क्षार असेल तर तो निघून जाईल. निघाला नाही, तर काच स्वतःच झिजली आहे असे समजावे व तिला राखेने घासू नये.

काचेचा याहून फार जुना वारसाही आपल्या मातीत आहे. नेवासे व कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथील उत्खननांत जुन्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. तापीकाठच्या प्रकाशे येथेही १९५४-५५ मध्ये उत्खनन झाले. गावाच्या पांढरीत पावसाळ्यानंतर काचेचे मणी वा काकणांचे तुकडे उघडे पडतात. ते उकरू नयेत. तुकडा ज्या थरात असतो त्या थरावरूनच त्याचे वय कळते. उचललेला तुकडा नुसता रंगीत तुकडा उरतो. जमिनीतून मोलाचे काही निघाले तर जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचा कायदा १८७८ पासून आहे, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची पुरावस्तू खासगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही.

एवढ्या सर्व खुणा पाहूनही काही वस्तूंबाबत आपण 'साधारण १८८० ते १९३० मधील' एवढेच म्हणू शकतो. तसे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र पन्नास वर्षांची ही फट भरून काढणारा एक साक्षीदार पुष्कळ घरांत अजून बसलेला आहे. हंडी बऱ्हाणपूरच्या बाजारातून आली, की आत्याच्या लग्नात आंदण आली, की मुंबईस गिरणीत असलेल्या काकांनी पाठविली, हे त्या घरातील आजीला ठाऊक असते. काचेवरील खूण शंभर वर्षे टिकेल. आजीची आठवण टिकणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरी गेल्यावर अशी एक वस्तू खाली काढा. मऊ फडक्याने पुसा. कंदिलाच्या जुन्या काचेवर गरम पाणी ओतू नका. तिचे बूड, शीर, ओठ व अक्षरे पाहा. मग घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसून चार गोष्टी विचारा : कोणी आणली, कोठून आणली, कोणत्या सुमारास, आणि हे तुम्हांला कोणी सांगितले. उत्तरे तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद दोऱ्याने वस्तूला बांधा. काचेला डिंक लावू नका. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सांगणाऱ्याचा आवाजही त्यात धरून ठेवा. आठवण आणि खुणा जुळल्या तर उत्तम. न जुळल्या तर दोन्ही लिहा, एकही खोडू नका. कदाचित कंदील आजोबांचाच असेल आणि काच तेवढी नंतर बदललेली असेल. पुढे पाहणाऱ्याला त्याचा उलगडा करता येईल. पण त्यासाठी आपण लिहिलेला कागद त्याच्या हाती असला पाहिजे.